काचेच्या नळीतला ठिपका

गेल्या दिवाळीत आमच्या तळेगाव दाभाड्याच्या घराचा माळा बऱ्याच वर्षांनी रिकामा केला. पितळेची घंगाळी, मोडका पाळणा आणि जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्या मागून पुठ्ठ्याचे एक खोके निघाले. आत भाच्याचा टीव्ही गेम होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल केलेली असली यंत्रे नव्वदच्या दशकात आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानांतून सर्रास मिळत. भाच्याला हे यंत्र मुंजीत आहेर म्हणून आले होते आणि मे महिन्याच्या सुटीत मामाच्या गावी येताना तो ते पिशवीत घालून घेऊन यायचा. एका वर्षी ते इथेच राहिले ते राहिलेच.

त्या यंत्राबरोबर प्लास्टिकची एक बंदूक होती. टीव्हीवर बदके उडायची आणि त्यांना नेम धरून पाडायचे, असा तो खेळ. तो भाच्यापेक्षा आमच्या अण्णांनाच अधिक आवडे. दुपारची वामकुक्षी झाली की आरामखुर्ची टीव्हीसमोर ओढून, चष्मा कपाळावर चढवून ते नातवाबरोबर बदके मारीत बसत. त्यांचा नेम बरा होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. अण्णांना जाऊन आता बारा वर्षे झाली. भाचा चाकणला एका कारखान्यात कामाला आहे, त्याला नऊ वर्षांची मुलगी आहे. भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा पणजोबांची बंदूक तिला दाखवायची असा बेत ठरला.

बेत साफ फसला. भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला यंत्र जोडले तेव्हा आधी नुसती मुंग्यांची रांग दिसली. अँटेनाची वायर हलवून हलवून चित्र आले, पण ते पावसात भिजलेल्या पोस्टरसारखे. कडा वितळलेल्या, लाल रंग शेजारच्या निळ्यात ओघळलेला, वरून खाली सरकणारा एक काळपट पट्टा. बंदूक तर मुळीच चालेना. नेम कितीही धरा, बदक आपले उडून जाई. मुलीने पाच मिनिटे प्रयत्न केला आणि हे खेळणे मोडलेले आहे असा निकाल देऊन ती फुलबाज्या लावायला अंगणात गेली. भाचा काही बोलला नाही, पण त्याने बंदूक पुन्हा खोक्यात ठेवली तेव्हा त्याचा चेहरा मला पाहवला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी ते यंत्र स्टेशन भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने आधी अडॅप्टर बदलला. आतले दोन फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले, त्यासरशी तो सरकणारा पट्टा गेला. मग अँटेनाची वायर बाजूला ठेवून यंत्राच्या मागच्या पिवळ्या पिनेतून चित्र घ्यायला सांगितले. ते पुष्कळ सुधारले. असे का होते, हे त्याने मला डब्याच्या उदाहरणाने समजावले. अँटेनाच्या वायरीतून चित्राचा उजेड, रंग आणि आवाज असे सारे एकाच डब्यात वरण, भात, लोणचे कालवून पाठवल्यासारखे जाते आणि टीव्हीला ते पुन्हा निवडून काढावे लागते. पिवळ्या पिनेत आवाज निराळा होतो, पण उजेड आणि रंग अजून एकाच डब्यात असतात. एस-व्हिडिओ नावाच्या जोडणीत त्यांना दोन डबे मिळतात. लाल, हिरवा आणि निळा यांना तीन स्वतंत्र वायरी दिल्या, तर चित्र सर्वांत स्वच्छ, मात्र आमच्या यंत्रात ती सोय नव्हती.

बंदुकीचे काय, असे विचारल्यावर तो हसला. या यंत्राला पोट सुटलेला जुना टीव्हीच हवा, चपट्या टीव्हीवर बंदूक जन्मात चालणार नाही, असे त्याने सांगितले. मला हे चमत्कारिक वाटले. टीव्ही तो टीव्ही. त्यात जुना काय आणि नवा काय? मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊन एका जर्मन प्राध्यापकापाशी पोचलो. त्यांचे नाव कार्ल फर्डिनांड ब्राउन. मार्कोनीचे नाव आपल्याला शाळेपासून पाठ असते. १९०९ सालचे नोबेल पारितोषिक मार्कोनीबरोबर वाटून घेणारे हे गृहस्थ, पण त्यांची ओळख आपल्याकडे सहसा पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपलीकडे जात नाही. वास्तविक ज्या पेटीसमोर आपल्या दोन पिढ्या बसल्या, त्या पेटीच्या पोटात त्यांचेच काम होते.

ब्राउन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी मध्य जर्मनीतल्या फुल्डा या गावी झाला. वडील न्यायालयात कारकून. घरची परिस्थिती बेताची, मुले पुष्कळ. मारबुर्ग आणि बर्लिन येथे शिकून १८७२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, विषय होता तारा आणि कांबी यांची कंपने. विद्यापीठात साहाय्यकाच्या पगारावर भागण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी शाळामास्तरकीची परीक्षा दिली आणि १८७४ साली लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत नोकरी धरली. थोर संगीतकार बाख याने ज्या शाळेत पूर्वी मुलांना गाणे शिकवले तीच ही शाळा. ब्राउन मुलांना गणित आणि विज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रयोग करत. मुलांसाठी त्यांनी गणित-विज्ञानाच्या गमतींचे एक पुस्तकही लिहिले. पुढे मोठेपणी जे प्राध्यापक झाले त्यांच्या चरित्रात शाळेची नोकरी दोन ओळींत उरकण्याची पद्धत आहे, पण ब्राउन यांचा पहिला मोठा शोध याच मास्तरकीच्या काळातला आहे.

गॅलिना म्हणजे शिशाचे चमकदार खनिज. त्याच्या आणि तशाच इतर धातुखनिजांच्या स्फटिकाला तारेचे टोक टेकवले, तर वीज एका दिशेने सहज जाते आणि उलट दिशेने अडते, असे त्यांना १८७४ साली आढळले. वीज कोठूनही कोठेही सारखीच वाहते अशी तोवरची समजूत होती, त्यामुळे या निरीक्षणावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. उपयोग काय, हे तर कोणालाच सांगता येईना. तो कळायला पाव शतक जावे लागले. आपले जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिनाच्याच स्फटिकावर रेडिओलहरी पकडणारे उपकरण केले आणि १९०४ साली अमेरिकेत त्याचे पेटंट त्यांना मिळाले. आजच्या अर्धवाहक उद्योगाची वंशावळ लिहिली तर तिच्या पहिल्या पानावर लाइपझिगच्या त्या मास्तरांचे नाव घालावे लागेल. आमच्या टीव्ही गेममधली चिपही त्याच कुळातली.

पुढची वीस वर्षे बदल्यांची गेली. मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्लस्रूह, ट्यूबिंगेन अशा फिरत्या संसारात त्यांनी १८८५ साली लग्न केले, ट्यूबिंगेनला भौतिकशास्त्राची नवी संस्था उभी केली आणि विजेचा दाब मोजणारे एक सुटसुटीत यंत्र बनवले. १८९५ साली ते स्ट्रासबुर्गच्या भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक झाले. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा जर्मन साम्राज्यात होते. इथेच त्यांच्या हातून ती नळी घडली.

त्या काळी शहरांतून विजेचे दिवे लागू लागले होते. तारेतून वाहणारा उलटसुलट प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा दिशा बदलतो, हे ठाऊक होते, पण तो बदलतो कसा, हे डोळ्यांनी सहज पाहता येत नव्हते. काटा असलेले कोणतेही यंत्र इतक्या चपळाईने हलू शकत नाही, कारण काट्याला वजन असते. ब्राउन यांनी वजन नसलेला काटा शोधला. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून जाणाऱ्या ऋण किरणांची तेव्हा युरोपभर चर्चा होती. रोंटगेनचे क्ष-किरण १८९५ साली याच नळ्यांच्या अभ्यासातून निघाले होते. ब्राउन यांनी बॉनच्या फ्रान्झ म्यूलर या कसबी काचकारागिराकडून एक लांब मानेची नळी फुंकून घेतली. आत एका बारीक भोकातून किरणांची सुईसारखी धार निघेल अशी व्यवस्था केली आणि दुसऱ्या टोकाला, किरण पडताच उजळणारा लेप दिलेला अभ्रकाचा पडदा बसवला. पडद्यावर एक तेजस्वी ठिपका दिसू लागला. नळीच्या मानेशी तारेचे वेटोळे ठेवून त्यातून शहराच्या वीजघराचा प्रवाह सोडला, तसा तो ठिपका वरखाली नाचू लागला आणि त्याची उभी रेघ झाली. समोर फिरता आरसा धरला, तेव्हा रेघ आडवी उलगडली आणि शहराच्या विजेची लाट साक्षात दिसली. हे सारे त्यांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रसिद्ध केले. पेटंट घेतले नाही. कोणीही यावे आणि नळी बनवून घ्यावी, असा खुला कारभार होता.

आता ही नळी काचेची. काचेचा विषय निघाला की तळेगावकराला पैसा फंड आठवणारच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत देशी उद्योगासाठी निधी उभा केला आणि त्यातून १९०८ साली आमच्या गावात काचकारखाना निघाला. काच फुंकण्याचे काम शिकून येथून बाहेर पडलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले. बॉनचा म्यूलर आणि तळेगावची भट्टी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला कळते. तरी फुंकणीच्या टोकावर काचेचा लाल गोळा फिरवणारा माणूस मनात आणला की तो मला पैसा फंडातलाच दिसतो.

ब्राउन यांच्या नळीत आडवी हालचाल फिरत्या आरशाने दाखवावी लागे. त्यांचे साहाय्यक योनाथन त्सेनेक यांनी लवकरच दुसरे वेटोळे लावून ठिपक्यालाच आडवे चालवायला शिकवले. ठिपका डावीकडून उजवीकडे जायचा, झटकन परतायचा, पुन्हा निघायचा. पुढे टेलिव्हिजनने जे केले त्याचे बीज एवढेच आहे. तोच ठिपका ओळीमागून ओळ अशी सगळ्या पडद्यावर फिरवायचा आणि फिरताना त्याचा उजेड कमीजास्त करायचा. जुन्या टीव्हीवर एका क्षणी कधीच अख्खे चित्र नसते. एक ठिपका पिसाटासारखा धावत असतो आणि लेपाची चमक व आपल्या डोळ्यांची मंद स्मरणशक्ती मिळून त्याचे चित्र करतात.

टेलिव्हिजनच्या त्या वाटेने ब्राउन स्वतः मात्र गेले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माक्स डिकमान याने १९०६ साली ब्राउन नळीवर साध्या आकृत्या उमटवण्याचा खटाटोप केला. गुरूचे मन तोवर बिनतारी संदेशात गुंतले होते. मार्कोनीच्या पहिल्या यंत्रात ठिणगी थेट अँटेनाच्या तारेत पडे. संदेश दूर पोचवायचा तर ठिणगी मोठी हवी आणि ठिणगी मोठी केली की बरीचशी शक्ती वाया जाई. ब्राउन यांनी १८९८ साली ठिणगी अँटेनातून बाहेर काढली. तिचे स्वतंत्र बंद मंडल केले आणि तेथली शक्ती वेटोळ्यांच्या जोडीने अँटेनाला पोचवली. दोन्ही मंडले एकाच सुरात लावली, म्हणजे तंबोऱ्याच्या तारा जुळवल्यासारखे झाले. १९०० साली त्यांच्या पद्धतीने जर्मनीच्या किनाऱ्यावरून हेल्गोलांड बेटापर्यंत, साठेक किलोमीटरवर, संदेश पोचले. जर्मनीतले दोन प्रतिस्पर्धी गट १९०३ साली एकत्र होऊन टेलिफुंकेन ही कंपनी निघाली, त्यातला एक गट ब्राउन यांच्या पेटंटांवर उभा होता. नळीच्या वेळचा खुला कारभार इथे राहिला नव्हता. बिनतारी हा आता पैशाचा आणि आरमारांचा विषय झाला होता. १९०९ सालचे नोबेल मिळाले तेही याच कामासाठी. नळीसाठी मिळाले नाही.

या पेटंटांनीच पुढे त्यांचा घात केला, असे माझे मत झाले आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडल्या. अमेरिकेशी बोलायला जर्मनीला एक मोठा आधार उरला, तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरच्या सेव्हिल येथील टेलिफुंकेनच्या बिनतारी केंद्राचा. मार्कोनी कंपनीने त्या केंद्राविरुद्ध अमेरिकेत पेटंटचा दावा लावला. दावा हरला तर केंद्र बंद. साक्षीला ब्राउन यांनाच जायला हवे होते. वय चौसष्ट, प्रकृती बरी नव्हती, समुद्रात ब्रिटिश युद्धनौकांचा पहारा. तरी १९१४ च्या अखेरीस ते त्सेनेक यांना घेऊन निघाले आणि न्यूयॉर्कला पोचले.

खटला रेंगाळला. परतीची वाट बंद झाली. ब्रुकलिनमध्ये त्यांचा मुलगा राहत होता, त्याच्या घरी ते राहू लागले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हे वृद्ध नोबेलविजेते एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. घराजवळ पडण्याचे निमित्त झाले, हाड मोडले, आणि २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिनमध्येच त्यांचा अंत झाला. युद्ध आणखी सात महिन्यांनी संपले. त्यांचे स्ट्रासबुर्ग त्यानंतर फ्रेंचांकडे गेले. अस्थी १९२१ साली जन्मगावी, फुल्डाला नेण्यात आल्या.

नळी मागे राहिली. जपानमध्ये हामामात्सु येथे केन्जिरो ताकायानागी याने २५ डिसेंबर १९२६ रोजी जपानी लिपीतले एक अक्षर या नळीवर उमटवले. जपानी भाषेत टीव्हीच्या काचेला आजतागायत ब्राउन नळी असेच म्हणतात. म्हणजे आमच्या खोक्यातल्या खेळाचे मूळ यंत्र ज्या देशात जन्मले, तिथल्या मुलांच्या तोंडी तरी ब्राउन यांचे नाव होते. दुसरा योगायोग याहून विलक्षण आहे. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पाहुण्यांच्या करमणुकीसाठी विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने एक खेळ मांडला. ऑसिलोस्कोप, म्हणजे ब्राउन यांच्या मूळ यंत्राचा थेट वंशज. त्याच्या पाच इंची पडद्यावर एक ठिपका चेंडू होऊन जाळीवरून इकडेतिकडे उडे आणि दोघे जण खुंट्या फिरवून टेनिस खेळत. व्हिडिओ गेमच्या इतिहासात अगदी आरंभीच्या खेळांत तो धरला जातो. ही प्रयोगशाळा त्याच लाँग आयलंड बेटावर आहे, ज्याच्या एका टोकाला ब्रुकलिन आणि किनाऱ्यावर सेव्हिल.

एवढे कळल्यावर दुरुस्तीवाल्याचे बोलणे उमगले. आपल्याकडच्या दूरदर्शनचे चित्र ६२५ ओळींचे. ठिपका एका फेरीत विषम ओळी काढतो आणि दुसऱ्या फेरीत सम. जुनी खेळयंत्रे इथे एक लबाडी करतात. ती प्रत्येक फेरीत त्याच त्या ओळी काढतात, मधल्या काळ्याच राहतात. ब्राउनच्या नळीला याचे काहीच वाटत नाही, उलट चित्र ठाशीव दिसते. चपटा टीव्ही मात्र या दोन निरनिराळ्या अर्ध्या फेऱ्या आहेत असे समजून त्यांची वेणी घालत बसतो. त्यात कडा फाटतात आणि एकाआड एक फेरीत लुकलुकणारी चित्रे कधी कधी नाहीशीच होतात. हा हिशेब बरोबर ओळखून ओळी दुप्पट, चौपट करणाऱ्या छोट्या पेट्या आता मिळतात. यंत्र आणि टीव्हीच्या मध्ये अशी पेटी लावली की फरक जाणवतो. ती नसली तरी टीव्हीत गेम मोड लावावा, शार्पनेस उतरवावा आणि चित्र चार बाय तीन ठेवावे. बदके लठ्ठ दिसत नाहीत.

बंदुकीला मात्र यातले काही चालत नाही. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा, ठरलेल्या क्षणी, धावत्या ठिपक्याचा तो लखलखाट दिसतो का हे पाहतो. चपट्या टीव्हीवर चित्र काही सहस्रांश सेकंद उशिरा येते आणि तो धावता ठिपका तर तिथे नसतोच.

शेवटी शेजारच्या काकूंच्या अडगळीच्या खोलीत एक जुना एकवीस इंची टीव्ही मिळाला. त्यावर पापडांचे डबे ठेवलेले होते. मागचे झाकण मात्र कोणी उघडू नये, बंद केल्यावरही आत कित्येक हजार व्होल्ट दडून असतात. दोघांनी उचलून तो आमच्या बैठकीत आणला, तेव्हा पाठीत चमक भरली. पिवळी पिन जोडली. पेटीतून तो ओळखीचा बारीक किणकिणता आवाज आला, जो आमच्या वयाच्या माणसांना आता ऐकू येणे कमी झाले आहे, पण मुलीने कानावर हात ठेवले. मग पडदा उजळला. गवत, आकाश आणि काठाकाठाने रेखीव बदक.

भाच्याने अण्णांची आरामखुर्ची ओढली. मुलीचे पहिले दोन नेम चुकले, तिसऱ्याला बदक पडले. नंतर जेवायला उठायची सोय राहिली नाही.

तो टीव्ही काकूंनी आम्हालाच दिला. आमच्या गल्लीत येणारा भंगारवाला खिडकीतून त्याच्याकडे पाहतो आणि दर महिन्याला किंमत विचारतो.